दोन नाश्त्यांमधली फेरी

बसचालकाची साखर काठावर आली तेव्हा डेपोच्या डॉक्टरने बजावलं, "महिनाभर रोज चाला. पुढच्या तपासणीत आकडा चढला, तर स्टिअरिंग सोडावं लागेल." एकवीस वर्षं त्या चाकामागे काढलेली. गड्याचं धाबंच दणाणलं.

चालायचं कधी, हे विचारायचं मात्र राहून गेलं. सल्ला द्यायला घरची माणसं टपलेलीच होती. थोरली बहीण शाळेतली व्यायामशिक्षिका. निवृत्त झाली तरी हुकूम सोडायची सवय गेली नव्हती. "उपाशीपोटी चालायचं. तरच चरबी जळते," ती म्हणाली.

बायकोने नाक मुरडलं. "वन्सं काहीही सांगतात. खाऊन चाललं की चढलेली साखर उतरते. आणि उपाशी चालून आले, तर हे ताटसुद्धा खातील!"

दोघींनी कुठेकुठे वाचलेलं होतं, त्यामुळे माघार घेण्याचा प्रश्नच नव्हता.

बिचाऱ्याने दोघींची मनं राखली. सकाळी बायकोसमोर तीन अंडी आणि पाव हाणून निघायचा, वीस मिनिटं चालत बहिणीच्या दारात. तोवर पोटात असे कावळे ओरडायचे, की ती अंडी जणू शेजाऱ्याने खाल्ली होती.

"काही खाल्लं नाहीस ना रे?" बहीण विचारायची.

तो दमल्यासारखा मान हलवायचा. मग दूध, केळी, लोणी थापलेला पाव. परत यायला बस होतीच. एकच फेरी, पण बायकोच्या लेखी नाश्त्यानंतरची आणि बहिणीच्या लेखी नाश्त्याआधीची. स्वतःच्या अकलेवर तो इतका खूश होता, की पट्टा एक भोक सैल करावा लागला याचंही त्याला काही वाटलं नाही.

तपासणीला दोघी हट्टाने बरोबर आल्या. आकडा पाहून डॉक्टरने नुसती मान हलवली. गाडी बंद, उद्यापासून चौकशीच्या खिडकीत बसायचं.

परतताना बसमध्ये मागच्या बाकावर दोघींची जुंपली.

"तुमच्या उपाशीपोटीच्या खुळाने घात केला, वन्सं."

"तूच त्याचे कान भरले असणार!"

"मी दोन्हीकडे खात होतो," तो वळून म्हणाला. "रोज."

"अहो, सांगायचं तरी!" बायको कशीबशी म्हणाली.

"कुणाचं मन मोडू?" त्याला रडू आवरेना. तो पुन्हा समोर तोंड करून बसला.

पुढे सिग्नल लाल झाला. गाडीवर नवखा चालक होता. त्याने ब्रेक मारायच्या आतच याचा उजवा पाय जमिनीवर गच्च दाबला गेला.