झोळ काढलेलं कापड

शिंपीबाबांना झोळ सहन होत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुण्याच्या सदऱ्याला खांद्यावर जरासा झोळ दिसला तरी त्यांचे हात शिवशिवायचे. बोलायची मात्र भीड. मग पाहुणा उठेपर्यंत बिचारे छताकडे बघत बसायचे. दुकान कधीच बंद झालं होतं, खोड गेली नव्हती.

त्यांची सून शाळांमधून भौतिकशास्त्र शिकवायची, पण नेहमी रजेवर गेलेल्या कुणाच्या तरी जागी. आता एका शाळेत कायमची जागा निघाली होती. शुक्रवारी तिने गुरुत्वाकर्षणाचा नमुना पाठ घ्यायचा, मुख्याध्यापिकाबाई मागे बसून बघणार, आणि पाठ जमला तर जागा तिची. त्यासाठी तिने सासऱ्यांकडून एका मोठ्या लोखंडी कड्यावर लवचीक कापड बसवून घेतलं. मधोमध जड गोळा ठेवला की कापड खोलगट व्हायचं आणि कडेने सोडलेली गोटी त्या उतारावर वळत गोळ्याभोवती फिरायची, पृथ्वीभोवती चंद्र फिरावा तशी. घरी करून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "यांच्याभोवती मी जन्मभर अशीच फिरतेय. आणि शेवटी दमून पडते, तीसुद्धा अशीच."

बाबा हसले, छान आहे म्हणाले. पण ते लोंबलेलं कापड काही त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. आपल्या हातचं काम, तेही चार शिकलेल्या माणसांपुढे, असं दिसलं तर सुनेची काय शोभा राहील? दुसऱ्या दिवशी ती बाहेर गेल्यावर त्यांनी खालून कडक कॅनव्हासचं अस्तर लावलं, दुहेरी टाके घातले आणि कापड असं खेचून बसवलं, की वर टिचकी मारली तर ढोलक्यासारखं वाजावं. मग त्यावर गवसणी चढवून ठेवली. सांगितलं कुणालाच नाही. सुनेला तेवढाच आनंदाचा धक्का, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. खरं म्हणजे सांगायचा धीर झाला नव्हता.

शुक्रवारी कडं उचलायला म्हणून तेही शाळेत गेले आणि शेवटच्या बाकावर अंग चोरून बसले. सुनेने कडं चार स्टुलांवर ठेवलं, गवसणी काढली, मधोमध गोळा ठेवला. कापड जेमतेम दबलं. तिने गोटी सोडली. गोटी गोळ्याच्या शेजारून सुतासारखी सरळ गेली आणि पलीकडच्या कडेवरून खाली पडली. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. वर्गात खसखस पिकली. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा सारखा केला.

सुनेने कापडावर हात फिरवला, वाकून खाली पाहिलं, मग शेवटच्या बाकाकडे पाहिलं. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला सगळं कळलं. आणि तिला कळलं आहे, हे त्यांनाही कळलं.

आयुष्यात चार माणसांसमोर कधी तोंड न उघडलेला हा माणूस उठला. खिशातली छोटी कात्री काढून भरल्या वर्गातून चालत ते पुढे गेले आणि म्हणाले, "माझी चूक आहे. मी उसवतो." गुडघे टेकून ते कड्याखाली शिरले.

सून वाकून हळूच म्हणाली, "बाबा, घाई करू नका. थोडं उसवलं की थांबा."

तिने वर्गाकडे तोंड केलं. गोटी सरळ का गेली, असं विचारलं. कुणीच ओढलं नाही म्हणून, असं एका मुलीने सांगितलं. बरोबर, ओढणारं कुणी नसेल तर वस्तू सरळच जात राहते, असं म्हणून तिने बाबांना खूण केली. थोडे टाके सुटले, गोळा जरासा खाली गेला. या वेळी गोटी किंचित वळली. आणखी टाके, आणखी वळण. मुलं बाक सोडून कड्याभोवती जमली. आता हसत कुणीच नव्हतं. अस्तर गळून पडलं, गोळा खोल बसला आणि गोटी सरळ जायला निघून गोळ्याभोवती फिरतच राहिली.

अखेर ती मधे घरंगळली तेव्हा त्याच मुलीने विचारलं, "मग चंद्र का पडत नाही?"

"पडतोच आहे की. सारखा पडतोय," सून म्हणाली. "पण पडता पडता इतका पुढे जातो, की पृथ्वीवर आदळायचं चुकतं. गोटीचा वेग कापडाने घासून खाल्ला. तिथे कापड नाही, मग वेग कोण खाणार?"

कड्याखाली बसलेल्या बाबांनीही मान डोलावली.

पाठ संपल्यावर मुख्याध्यापिकाबाई पुढे आल्या. सोमवारपासून या, म्हणाल्या, आणि पहिल्याच दिवशी दुसऱ्या तुकडीला हाच पाठ असाच द्या, अस्तरासकट. तेव्हा कुठे बाबांचा जीव भांड्यात पडला.

जिन्यात त्यांनी माफी मागायला तोंड उघडलं, पण सुनेने बोलू दिलं नाही. म्हणाली, "बाबा, ते उद्या पुन्हा शिवायचंय. पण या खेपेला टाके कच्चे घाला हं. पटकन सुटायला हवेत."

बाबा पायरीवरच थांबले. कच्चं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. बराच विचार करून ते म्हणाले, "धावदोरा घालतो. पण शेजाऱ्यांना सांगू नकोस."