न समजल्याची साक्ष

चंद्रशेखरने बेअरिंगचा कापलेला तुकडा वकिलांच्या टेबलावर ठेवला. कापल्या जागी धातू तांबूस, एकजीव होता. शिशाचा करडा डाग कुठेही नव्हता.

"धातू उत्तमच आहे," मुरलीधर वकील म्हणाले. "पण तुमचं पेटंट रद्द करायला निघालेली कंपनी म्हणते, तांबं, शिसं, निकेल, सगळं जुनंच. लढाईत मलाया जपानकडे गेलं, तिथलं कथील मिळेनासं झालं. कोणीही ओतारी कथिलाऐवजी हेच मिसळेल. मग यात शोध कोणता?"

चंद्रशेखर खिडकीतून ओमती चौकातल्या वर्दळीकडे पाहत राहिला. उत्तर शेजारच्याच खुर्चीत बसले होते, पण ते मागण्याचे धैर्य त्याला होत नव्हते. भाऊरावकाकांनीच त्याला वाढवले होते, स्वतःच्या ओतशाळेत भट्टीपाशी उभे केले होते. आणि हे बेअरिंग टिकल्यापासून ते सदर बाजारात भेटेल त्याला अभिमानाने सांगत होते.

आताही त्यांनी तेच सांगितले.

"हे तर मी पहिलेच ताडलं होतं, वकीलसाहेब."

"मग दावा संपला, भाऊरावजी. जाणत्या ओताऱ्याला जे आपसूक सुचतं, त्यावर पेटंट टिकत नाही."

भाऊराव पुतण्याकडे वळले. चंद्रशेखर बोटाने टेबलाची कड चाचपत होता.

"तू चूप बसून राहिला रे, शेखर."

"तुम्हीच सांगा, काका."

भाऊरावांनी तुकडा उचलला आणि कापल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"मी म्हटलं होतं, काहून?" भाऊराव हळूच म्हणाले. "यानं मुशीत निकेल टाकलं तेव्हा. काहून रे बाप्पा? निकेलले आच जास्त लागते, अन् आच वाढली की शिसं तळाशी बसते. बेवकूफ म्हटलं याले, सगळ्यांसमोर. मग कापून पाहिलं, तर शिसं जिथल्या तिथं. कसं, ते मले आजही समजलं नाही."

वकिलांचा टाक धावू लागला.

"हे भर कोर्टात सांगावं लागेल. सदरचे लोक ऐकायला येतील."

"येऊ द्या. हसतील थोडे."

चंद्रशेखरची मान खाली गेली. भाऊरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कागदाकडे बोट केले.

"पण वर माझ्याबद्दल एक लिहा. या माणसाची हयात भट्टीपाशी गेली, अन् जबलपुरात याच्याएवढं ओतकाम कोणी जाणत नाही."

वकिलांनी मान वर केली.

"चांगलं ठळक लिहा, जी. नाही तर माझ्या न समजण्याले काय किंमत?"