मिस कॉलला पैसे पडत नाहीत

“नेसरीच्या टॉवरखाली हाय तुमची लेक, आत्ती,” असं म्हणून शिवशरणने ताटातली भाकरी आमटीत कुस्करली.

चुलीपुढे बसलेल्या शिवगंगाच्या हातातली भाकरी तव्यावर पडताना दुमडली. ती सरळ करायला गेली आणि बोटं पोळली. मान वर न करता तिने विचारलं, “कोण म्हणतंय?”

“कंपनी म्हणतीया की.” जावई हसला. “तुमच्या फोनवर रोज दिवेलागणीला मिस कॉल येतोय. त्यो कुठल्या नंबरवरनं येतोय त्ये कंपनीला ठावं. त्यो नंबर कुठल्या टॉवरवर वाजतोय, त्ये बी ठावं. चहापाण्याला दिलं की सगळं निघतंय भाईर.”

दुपारची गर्दी ओसरली होती. उद्यमनगरातल्या कारखान्यांचे भोंगे होऊन गेले होते, आणि शिवगंगाच्या खानावळीत कोपऱ्यातल्या बाकावर लेथवाले गणपतराव तेवढे ताक पीत रेंगाळले होते. शिवशरण आवाज चढवत नव्हता. मुरगूडला त्याचं खताचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांशी तो असाच गोड बोलायचा. शटर ओढून घरात शिरला की मात्र हाताला लागेल त्याने बायकोला बडवायचा.

विद्याश्रीला आईने दोनदा परत नांदायला पाठवलं होतं. दोन्ही वेळा चार पाहुणे जमले, चहा झाला, जावयाने मान खाली घातली आणि ‘झालं गेलं विसरून जावा’ म्हणत सगळे उठले. तिसऱ्या वेळी लेक मोडका हात गळ्यात बांधून आली. त्या वेळी शिवगंगाने पाहुण्यांना बोलावलंच नाही. खानावळीत पूर्वी भाकऱ्या थापायला असलेली बायडाबाई नेसरीकडच्या आपल्या गावी जाऊन राहिली होती. लेकीला तिच्याकडे गुपचूप पोचवलं आणि ‘पोरगी कुठं गेली, देव जाणे’ म्हणून जगापुढे पदर डोळ्याला लावला. या गोष्टीला वर्ष होत आलं होतं.

खुशाली कळायला एकच वाट होती. त्या काळात सगळं कोल्हापूर मिस कॉलवर चालत होतं. नवरा कामावर पोचला, एक रिंग. घरातला गॅस संपला, दोन रिंगा. दुधवाल्यापासून भटजीपर्यंत सगळे एकमेकांना वाजवून ठेवायचे आणि फोन उचलणाऱ्याला शिव्या घालायचे, कारण उचलला की पैसे कटले. विद्याश्री दिवसभर फोन बंद ठेवायची. दिवेलागणीला चालू करायची, आईच्या फोनवर एक रिंग द्यायची आणि पुन्हा बंद. आई उचलायची नाही. पैसे पडले नाहीत म्हणजे कंपनीच्या दप्तरी नोंदच नाही, असा दोघींचा भाबडा हिशोब. सगळ्या शहराचा तोच हिशोब होता, या दोघींनाच का हसायचं?

शिवशरणने ताटात हात धुतला, उठला आणि फळीवर चार्जिंगला लावलेला तिचा फोन काढून खिशात टाकला.

“ह्यो आज माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. नेसरीचा टॉवर म्हंजे आजूबाजूची पाच-सहा गावं आली. कुठं कुठं हुडकत बसू? सांच्याला मिस कॉल आला की माझ्याकडची एक बाई बोलंल. ‘सीपीआर दवाखान्यातनं बोलतोय, तुमच्या आईची लास्ट ष्टेज हाय, कुठं हाईसा सांगा, गाडी धाडतो.’ भाऊ नेसरीच्या ष्टँडवर जीप घिऊन हुबा हाय.” तो दारात थांबला. “त्यापरास तुमीच गावाचं नाव सांगा की. गप घिऊन जातो.”

“ती नांदायची न्हाय तुमच्याकडं.”

“नांदवायला कोण नेतंय?” तो म्हणाला आणि बाहेर पडला.

शिवगंगा चुलीपुढून उठली. आईचं नाव काढलं की विद्याश्री मागचापुढचा विचार करणार नाही. पत्ता सांगेल आणि जीप येईपर्यंत रस्त्यावर येऊन उभी राहील. तिला आधी सांगायचं कसं? तिचा फोन बंद. बायडाबाईकडे फोन नाही. एसटी धरून स्वतः जावं, तर आयतंच त्याच्या भावाला घर दाखवल्यासारखं होणार. आणि चौकीत गेलं तर आधी ‘नवरा-बायकोची भानगड’ म्हणून बाकावर बसवणार.

मग तिला लेकीचं एक बोलणं आठवलं. जाताना विद्याश्री म्हणाली होती, “अव्वा, ज्या दिवशी तुजा फोन लागला न्हाय, त्या दिवशी मी तिथं ऱ्हाणार न्हाय. तवाच निघंन. कुठं जाणार ते तुला सांगत न्हाय. तुला ठावंच नसलं तर तुज्याकडनं कोण काढून घेणार?”

म्हणजे फोन बंद पडायला हवा होता. फोन जावयाच्या खिशात होता, पण नंबर तर कंपनीचा होता. आणि कंपनीत मल्लेश होता.

मल्लेश हा तिच्या खानावळीचा महिन्याचा मेंबर. सीमेपलीकडून नोकरीला आलेला पोरगा, राजारामपुरीत फोन कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचा. तिला ‘अव्वा’ म्हणायचा, शेंगदाण्याची चटणी दोनदा मागून घ्यायचा. सिमकार्ड त्यानेच आणून दिलं होतं.

“गणपतराव, जरा चुलीकडं बगा,” ती म्हणाली.

गणपतरावांनी सगळं ऐकलं होतं. “जा तू,” ते म्हणाले. “मी हाय हितं.”

मतदानाचं ओळखपत्र कमरेला खोचून ती राजारामपुरीपर्यंत जवळजवळ पळतच गेली. ऑफिसात थंडगार हवा होती आणि काउंटरवर भूमिका नावाची पट्टी लावलेली गोड पोरगी होती.

“फोन चोरीला गेलाय. नंबर बंद करा.”

“नक्की, मॅडम. व्हेरिफिकेशनसाठी शेवटचे तीन डायल केलेले नंबर सांगा.”

“कुनाला लावतच न्हाय मी.”

“एकही नाही?”

“मला फकस्त मिस कॉल येतोय.”

पोरीने कपाळाला आठी घातली. ओळखपत्र उलटसुलट पाहिलं. मग अर्ज, फोटो, चौकीतला तक्रारीचा दाखला अशी माळ लावली आणि शेवटी म्हणाली, “हे सगळं दिलं की चोवीस तासांत बंद होईल. तुमच्याच सुरक्षेसाठी आहे, मॅडम.”

शिवगंगाला हसावं की रडावं कळेना. रोज कुठल्या तरी बँकेतली बाई ‘शिवगंगा मॅडम’ अशी नावाने हाक मारून कर्ज घ्या म्हणायची, त्या बाईला कुणी दाखला मागितला नव्हता. जावयाला तिच्या लेकीचा ठावठिकाणा मिळाला, त्याला कुणी फोटो मागितला नव्हता. ज्याचा फोन, त्याच्यासाठीच तेवढा दरवाजा बंद.

“मल्लेशला बोलवा,” ती म्हणाली. “त्यो आल्याबिगार मी हितनं हलायची न्हाय.”

मल्लेश आतून आला तो हसतच. “अव्वा? हितं कशी काय?”

तिने त्याला जिन्याखाली ओढला आणि एका दमात सगळं सांगितलं. मुरगूडचा जावई, दिवेलागणीचा मिस कॉल, नेसरीचा टॉवर. टॉवरचं नाव निघालं आणि मल्लेशचं हसू विरलं. तो भिंतीला टेकला. शिवगंगाने आयुष्यभर माणसांच्या ताटाकडे आणि तोंडाकडे पाहत दिवस काढले होते. तिला वेगळं विचारावं लागलं नाही.

“तू दिलास,” ती म्हणाली.

“अव्वा, शप्पथ. तुजा नंबर हाय, हे बगितलं बी न्हाय मी. रोज पाच-धा नंबर येत्यात. वसुलीवाले, पोरगी बघाय आलेले, बायकूवर संशय घेणारे. नंबर टाकायचा, आलेलं सांगायचं. माणूस कोण, कोण बगतंय?” त्याचा आवाज बारीक झाला. “मी येकटा न्हाय. वरचे तर नाव-पत्त्यासकट यादीच्या यादी कर्जवाल्यांस्नी इकत्यात.”

तिचा हात उचलला गेला होता. पण बाहेर ऊन उतरत चाललं होतं आणि थोबाडीत मारून नंबर बंद होणार नव्हता. तिने हात खाली घेतला.

“आत्ता बंद कर.”

“तसं चालत न्हाय, अव्वा. अर्ज लागतोय. कुनाच्या लॉगिनवरनं केलं त्ये दिसतंय वरती. माजी नोकरी—”

“त्येला दिलास तवा दिसलं न्हाय व्हय वरती?”

मल्लेशने जिन्याकडे पाहिलं. वर ऑफिस आवरायची गडबड ऐकू येत होती. कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. शिवगंगा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हा नुसता उभा राहिला तरी तिची पोरगी मरेल, एवढंच तिला कळत होतं, आणि त्या क्षणी तिला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच्याइतकी गरज दुसऱ्या कुणाचीच नव्हती.

“पोरा,” ती म्हणाली, “तिचा हात मोडलाय एकदा. आता हातावर भागायचं न्हाय.”

तो वळला आणि दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेला. ती मागोमाग गेली. काउंटरवरची पोरगी ‘सर, कस्टमर आत—’ म्हणेपर्यंत मल्लेश कॉम्प्युटरपुढे बसला होता. त्याने बटणं दाबली, थांबला, आणि पडद्याकडे बोट केलं.

“ह्यो बग तिचा नंबर. ल्हिऊन देऊ? तुजा एकदा बंद झाला की ती तुला वाजवू शकणार न्हाय. उद्या तुज्या नावावर दुसरं कार्ड काढून दितो, तुजा नंबर त्योच ऱ्हाईल. ती परत लावंल.”

केवढा मोह होता तो! उद्या दिवेलागणीला पुन्हा एक रिंग. लेक जिवंत आहे, जेवली आहे, आईची आठवण काढते आहे, एवढं सगळं त्या एका रिंगेत मावायचं. शिवगंगाने पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहिलं आणि मान फिरवली, चुकून एखादा डोक्यात राहू नये म्हणून.

“नको. ती वाजवंल आणि तुमाला कळंल. कायमचा बंद कर.”

त्याने शेवटचं बटण दाबलं. मग बाजूच्या फोनवरून तिचा नंबर लावून रिसीव्हर तिच्या कानाला धरला. ‘आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही,’ एक बाई स्वच्छ मराठीत म्हणाली.

त्या संध्याकाळी खानावळ नेहमीसारखी भरली. दिवे लागले. शिवगंगा भाकऱ्या थापत होती, पण प्रत्येक भाकरीला तिला वाटत होतं, आत्ता तिने लावला असेल, आत्ता त्या बाईचं बोलणं ऐकलं असेल. ऐकलं असेल ना? की ‘लाइन खराब असेल, उद्या बघू’ म्हणून झोपून जाईल? पोरगी आईच्या वळणावर गेलेली, माणसांवर भरवसा टाकणारी. त्या रात्री शिवगंगाचा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाकं भरलेली असताना, शिवशरण दारात उभा राहिला. अंगावर धूळ, डोळे लाल. त्याने तिचा फोन खरकट्या ताटांच्या चळतीवर आपटला.

“रातभर गावं पालथी घालून बायडाबाईचं घर घावलं आमाला. घर मोकळं. म्हातारी म्हणती, सांजच्यालाच पिशवी घिऊन गेली.” तो चुलीपाशी आला. “कुठं धाडलीस तिला?”

शिवगंगाच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिने पदराने तोंड पुसलं आणि उठून उभी राहिली. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, “मला ठावं न्हाय.”

“खोटं बोलू नगंस, म्हातारे!” त्याने हात उगारला.

बाकं सरकली. गणपतराव उष्ट्या हातानेच उठले होते, आणि त्यांच्यामागे लेथवरची, फौंड्रीतली सगळीच माणसं. “पावणं,” गणपतराव म्हणाले, “जेवायचं असलं तर बसा. न्हायतर वाट धरा.”

शिवशरणने पुन्हा एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. खतं विकणारा माणूस, समोरचा खरं बोलतोय की खोटं, ते त्याला कळत असावं. त्याने हात खाली घेतला आणि तो निघून गेला.

माणसं परत बसली. तव्यावरची भाकरी करपली होती. शिवगंगा ती काढायला वाकली, आणि तिथेच जमिनीवर बसली. रडूही येईना.

गणपतरावांनी हात धुतले. एक ताट घेतलं, त्यात दोन भाकऱ्या, आमटी, कांदा वाढला आणि तिच्यापुढे आणून ठेवलं. “खा गं आदी,” ते म्हणाले. “काल दुपारपास्नं जेवली न्हाईस.”

खानावळ सुरू झाल्यापासून तिला कुणी वाढलं नव्हतं. तिने भाकरीचा तुकडा मोडला, तोंडाशी नेला, आणि हात तसाच राहिला. या वेळेला लेक कुणाच्या घरात जेवत असेल, ते तिला कधीच कळणार नव्हतं. मग तिने तो घास खाल्ला.