पितळेच्या लोलकाची साक्ष

दुपारी दोन वाजता रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मुंगी शिरायला जागा नव्हती. हाताला सलाईनची सुई लावलेले रुग्णसुद्धा खांब धरून उभे होते. मधल्या टेबलावर अकरा कर्मचाऱ्यांचे फोटो मांडले होते आणि लोलकबाबा दोऱ्याला बांधलेला पितळी गोळा त्यांच्यावरून फिरवत होता.

"माणूस खोटं बोलतो, पितळ बोलत नाही!" तो गरजला. "चोराच्या आत्म्यातून चुंबकलहरी निघतात. गोळा त्या पकडतो!"

पितळेला चुंबक चिकटत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण विचारायची सवड होती कोणाला?

भूल देण्याच्या औषधाच्या चाळीस कुप्या भांडारातून गेल्या होत्या. तपास पंधरा दिवस रखडला आणि वरून दट्ट्या आला, तेव्हा तपास अधिकाऱ्याने या बाबाला बोलावलं. हा अधिकारी माझा विद्यार्थी. सव्वीस वर्षं मी विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र शिकवतोय आणि त्याच्याइतकी नेटकी उत्तरपत्रिका क्वचितच पाहिली आहे. मी तिथे पोचलो तो मात्र माझ्या सध्याच्या वर्गातल्या एका मुलीच्या फोनमुळे. "सर, त्या फोटोंत माझी आई आहे. तुम्ही या ना."

तिची आई तिथे अकरा वर्षं आया होती.

सात फोटोंवर गोळा गप्प राहिला. आठव्यावर आधी थरथरला, मग गरागरा फिरू लागला.

"फिरला! फिरला!" सगळा हॉल ओरडला. तो फोटो आयाबाईंचा होता. त्यांनी आधी गोळ्याकडे, मग लेकीकडे पाहिलं. मी "थांबा!" म्हणालो, पण त्या गलक्यात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

संध्याकाळपर्यंत त्यांनी कबुलीवर सही केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अधिकाऱ्याच्या खोलीत गेलो. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली.

"सर, बाई स्वतः म्हणाल्या, मी घेतलं."

"कुप्या सापडल्या?"

"नाही."

"कोणाला विकल्या?"

"आठवत नाही म्हणतात."

"आणि तुला हे पटलं? खोट्या कबुलीवरच्या प्रश्नाला सर्वांत जास्त गुण तुलाच दिले होते मी."

त्याने मान खाली घातली. "परीक्षा वेगळी असते, सर. इथे रोज वरून फोन येतो."

शेवटी माझ्या आग्रहावरून त्याने बाबाला पुन्हा बोलावलं. बाबा ऐटीत आला. मी तेच अकरा फोटो एकसारख्या पाकिटांत घालून, पिसून टेबलावर ठेवले. आतलं काय कुठे, ते मलाही कळत नव्हतं.

"आता चोर दाखवा."

बाबाने डोळे मिटले, पुटपुटला, गोळा सोडला. एका पाकिटावर तो छान भिंगरीसारखा फिरला. उघडलं, तर आत रुग्णालयाच्या अधीक्षक डॉक्टरांचा फोटो. भांडारात ये-जा असणाऱ्या अकरा जणांत तेही आलेच होते!

"पाकिटाचा कागद जाड आहे," बाबा घाम पुसत म्हणाला. "लहरी अडतात."

"आत्म्यातून निघालेल्या लहरींना कागद आडवा येतो होय?"

मी गोळा काढून घेतला आणि अधिकाऱ्याच्या हातात दिला. "कोपर टेबलावर टेकव. हात हलवू नकोस. फक्त मनात म्हण, गोल फिर."

अर्ध्या मिनिटात गोळा गोल फिरू लागला. त्याचा चेहरा पांढरा पडला. "सर, शपथेवर सांगतो, मी हलवत नाहीये!"

"हलवतोयस. मनात जे येतं, ते बोटांना समजतं आणि बोटं नकळत हलतात. दोरा लांब, म्हणून जराशी हालचाल मोठी दिसते. आता सांग, काल फोटो मांडण्याआधी बाबा तुझ्याबरोबर चहाला बसले असतील, तेव्हा कोणावर संशय आहे हे तू बोललास?"

त्याने गोळा टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाला, "म्हटलं होतं, त्या आयाचा नवरा पूर्वी तुरुंगात होता."

बाबा दाराकडे सरकत होता. त्याला कोणी अडवलं नाही.

"आता ती कबुली मागे घे," मी म्हणालो.

"कागद सकाळीच न्यायालयात गेला, सर. आता माझ्या हातात नाही. तुम्ही साक्ष द्या. तारीख लागेल."

सात महिने झाले. तारीख लागते आणि पुढे जाते. माझ्या साक्षीचा नंबर अजून आलेला नाही. मुलीने वर्ग सोडला, धाकट्या भावंडांसाठी ती घरीच असते. परवा तिच्यासोबत मी तुरुंगात भेटीला गेलो. जाळीपलीकडे आयाबाई बसल्या होत्या. मी त्यांना गोळ्याची गोष्ट सविस्तर सांगितली, बोटांची, पाकिटांची, चहाची. त्यांनी नीट ऐकून घेतली.

"सर, तुम्ही शिकलेले. तुमचं खरंच असेल," त्या म्हणाल्या. "पण एवढ्या माणसांसमोर तो माझ्यावरच फिरला. कधी कधी वाटतं, मीच घेतल्या असतील आणि विसरले."

"आई, असं नको ना बोलूस," मुलगी जाळीला बोटं लावून म्हणाली. या विषयावर मी दोन पुस्तकं लिहिली आहेत आणि त्या बाईला तिचं निरपराधपण पटवून देता आलं नाही.

म्हणून हे लिहितो आहे. उद्या तुमच्या गावात, कचेरीत, शाळेत कोणी गोळा, आरसा किंवा पाण्याचा पेला घेऊन चोर दाखवायला आला, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा: याला आधी कोणाचं नाव सांगितलंय? आणि माणसांची गर्दी जमायच्या आत विचारा. गर्दीने एकदा बोट दाखवलं की ते खाली घेणं माझ्यासारख्या मास्तराच्या आवाक्यात राहत नाही.