खडूची फुली

"मला काही दुखत नाही," आई म्हणाली, तेव्हाच लेकीच्या मनात पाल चुकचुकली.

मागच्या भेटीपर्यंत आईचं एकच पालुपद होतं: कुणीतरी माझ्या जबड्यात सुई शिवून ठेवलीय. मनोरुग्णालयात असं बोलणाऱ्या बाईला दंतवैद्याकडे कुणी नेत नाही. तिची गोळी वाढवतात. आईचीही वाढवली होती.

"बघा, गोळी कशी लागू पडली," सिस्टर म्हणाली. "आता आजींची कश्शाची म्हणून तक्रार नाही."

लेकीला आधी सिस्टरचा संशय आला. मग गोळीचा. शेवटी आईचाही आला, आणि त्याची तिला लाज वाटली. सकाळीच धाकट्या भावाने फोनवर सुनावलं होतं, "ताई, ती बरी आहे म्हणते ना? मग तू का उकरतेस? साप नसला तरी तुला भुई धोपटायचीच असते."

शिवणखोलीत बायका उशांचे अभ्रे शिवत होत्या. वॉर्डात सुया मोजून मिळत, पण कात्रीला बंदी, त्यामुळे दोरा सगळ्या दातांनीच तोडायच्या. आईला त्यात नवं काही नव्हतं. जन्मभर तिने लोकांचे कपडे शिवले, आणि कात्री हाताशी असतानाही दोरा दातानेच तोडला. वडील म्हणायचे, हिच्या दातांना धार लावायला माणूस ठेवला पाहिजे.

आईने शिवण संपवली, गाठ मारली आणि अभ्रा शेजारणीच्या तोंडापुढे धरला. ही शेजारीण दिवसभर बोलत राही, म्हणून सगळ्या तिला रेडिओ म्हणत. रेडिओने कचकन दोरा तोडला.

"माझ्या दातांचं भाडं लावीन हं, मावशी."

"लाव. तुझी जीभ तेवढी माझ्याकडे गहाण ठेव," आई म्हणाली.

पुढच्या अभ्र्यालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच.

"तू का नाही तोडत गं?" लेकीने विचारलं.

"हिला नको का काही काम?"

आई हसली, पण हसू एकाच गालावर उमटलं. लेक जवळ सरकली. "आई, दात दुखतोय ना?"

आईने आधी दाराकडे पाहिलं, मग लेकीकडे. डोळे बारीक झाले. "तुला कुणी विचारायला पाठवलं?"

"कुणी नाही. मीच विचारतेय."

"डॉक्टरही असंच गोड बोलून विचारतात. मी सांगते, मग गोळी वाढते आणि घर लांबतं. सुई आहे. पण ती मी आता माझ्यापुरती ठेवलीय. जा, सांग त्यांना, म्हातारी ठणठणीत आहे."

आईने आपल्यालाही 'त्यांच्यात' बसवलं, हे लेकीला लागलं. पण ती उठली नाही. टेबलावर कापड आखायचा खडू पडला होता. कपडा अंगावर घालून बघताना आई गिऱ्हाइकाला कधीच 'कुठे काचतंय?' असं विचारत नसे. लोक भिडेपोटी खोटं बोलतात, असं तिचं म्हणणं. ती खडूच त्यांच्या हातात देई.

लेकीने खडू पुढे केला. "बोलू नकोस. खूण कर."

"गुरूची विद्या गुरूलाच का?" आई पुटपुटली. पण खडू घेतला, आणि कानाखाली, जबड्याच्या हाडावर फुली मारली.

"अगं बाई! आता तोंड रंगवायला लागल्या?" सिस्टर पुसायला धावली.

लेकीने तिचा हात धरला. "पुसू नका. डॉक्टरांना बोलवा."

"बोलावते. पण मग गोळी वाढली तर मला बोल लावू नका."

आईने लेकीचा पदर घट्ट मुठीत धरला.

डॉक्टर आले. त्यांनी फुली पाहिली आणि खिशातून पेन काढलं.

"आधी बोट लावा, मग लिहा," लेक म्हणाली.

नाइलाजाने त्यांनी फुलीवर बोट दाबलं. आईच्या तोंडून हूं की चूं नाही. तिची नजर पेनवर होती. मात्र मांडीवरच्या अभ्र्याची नुकतीच घातलेली शिवण तिच्या मुठीत टर्रकन उसवली.

डॉक्टरांनी बोट मागे घेतलं. कातडी तापली होती. "आजी, तोंड उघडा."

आईने ओठ मिटून घेतले आणि लेकीकडे पाहिलं. घरी नेशील ना, हे विचारायला तिला शब्द लागले नाहीत. हो म्हणणं सोपं होतं.

"घराचं मला माहीत नाही, आई," लेक म्हणाली. "पण ही फुली आहे तोवर मी हलणार नाही."

खोटं असतं तर आईने ओळखलं असतं. तिने तोंड उघडलं.

हिरडी टम्म सुजली होती. डॉक्टर बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग त्यांनी पेन खिशात ठेवलं. "पू झालाय. दंतवैद्याकडे न्यायला हवं. आजच."

"सुई निघाली की मला दाखवा," आई म्हणाली.

डॉक्टरांचा हात पुन्हा खिशाकडे गेला. लेक त्या हाताकडे बघत राहिली, तो खाली येईपर्यंत.

"दाखवतील," ती आईला म्हणाली. "मी शेजारीच उभी असेन."