पूर्ण एक मिनिट

नर्सिंग कॉलेजातल्या मॅडमचा हात हलका होता आणि जीभ तिखट. पोटावर नुसती बोटं टेकवून दुखतंय कुठे ते सांगायच्या. मुलींना त्यांचा एक धाक कायम: श्वास मोजायचा तर पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून, आणि पेशंटला कळू न देता. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची, नजर हळूच छातीकडे न्यायची. मोजतायत म्हणून कळलं, की माणूस श्वाससुद्धा शहाण्यासारखा घ्यायला लागतो.

आता खरं सांगायचं तर वॉर्डात एवढा वेळ असतो कुणाला? नाडी मोजतात आणि श्वासाच्या रकान्यात निरोगी माणसाचा आकडा, अठरा नाहीतर वीस, ठोकून देतात. मॅडमनीही आपल्या उमेदीत असे ढीगभर अठरा लिहिले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, त्यात त्या काही जगावेगळ्या नव्हत्या.

प्रात्यक्षिक परीक्षेला पेशंट म्हणून दरवर्षी मॅडमची थोरली बहीण बसायची. ताईला याची भारी हौस. इस्त्रीचे कपडे घालून खाटेवर अशी ऐटीत बसायची, जणू परीक्षा तीच घेतेय. मुली तिला मावशी म्हणत. त्या वर्षी जिना चढून आल्यावर ती बराच वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. मॅडमनी विचारलं, तर म्हणाली की वय झालं, आता काय उड्या मारत येऊ? मॅडम हसल्या आणि कामाला लागल्या.

पहिल्या पाच मुलींनी अठरा लिहिलं. सहावी होती कासव. हे नाव वर्गानेच ठेवलेलं. पोरगी खाटेवर चादर घालायलाही अर्धा तास घ्यायची, पण एकदा डोक्यात शिरलं की शिरलं. तिने ताईच्या मनगटावर बोटं ठेवली, मिनिटभर मोजलं, आणि खात्री वाटेना म्हणून पुन्हा मिनिटभर मोजलं. वेळ संपल्याची घंटा झाली तरी ही तिथेच. शेवटी लिहिलं अठ्ठावीस.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी भुवई उंचावली. मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. निवांत बसलेल्या बाईचा श्वास अठ्ठावीस कसा असेल, लक्ष कुठे होतं तुझं, म्हणून त्यांनी तिला चारचौघांत झापलं. कासवाने मान वर केली नाही.

"मॅडम, तुम्ही एकदा मोजून बघा ना."

झालं! काल आलेली पोर परीक्षकांसमोर आपल्याला शिकवते? ताई दोन पावलांवर बसली होती. एक मिनिट लागलं असतं फक्त. मॅडमनी मोजलं नाही. अठ्ठावीसवर लाल पेनाने काट मारली, मुलगी नापास झाली आणि तिचे सहा महिने वाया गेले.

परीक्षेनंतर अकराव्या दिवशी ताई गेली. हृदय थकलं होतं, फुप्फुसांत कितीतरी दिवस पाणी साठत होतं. डॉक्टरांनी सहज विचारलं, घरात तुम्ही नर्स, दम लागतोय हे कुणाच्याच लक्षात आलं नाही? मॅडमनी नाही म्हणून मान हलवली. भाच्यांनाही त्यांनी काही सांगितलं नाही. आतल्या आत मात्र जळत राहिल्या.

आठ महिन्यांनी धीर करून मॅडम हॉस्पिटलच्या वॉर्डात गेल्या. कासव आता तिथे नोकरीला होती. इन्चार्ज सिस्टर कौतुकाने सांगत होत्या, की हिच्यासारखा कामाचा उरक कुणाला नाही. मॅडमनी तिला खिडकीपाशी नेलं.

"तुझं बरोबर होतं. मी मोजायला हवं होतं. माझी ताई त्यातच गेली."

कासवाचे डोळे भरून आले. मावशी गेल्याचं तिने ऐकलं होतं, कशाने ते माहीत नव्हतं. तिने मॅडमचा हात हातात घेतला आणि उलट त्यांनाच समजावू लागली, की मनाला लावून घेऊ नका, माझं काही अडलं नाही, दुसऱ्या खेपेला पास झाले मी.

"मग तेव्हा किती लिहिलंस?"

"अठरा," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, शिकवलेला धडा म्हणून दाखवावा तसं म्हणाली.

तेवढ्यात इन्चार्जने हाक मारली, तशी ती डोळे पुसून कामाला लागली. पहिल्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची नाडी मोजली, बोटं उचलली, रकान्यात अठरा लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळली. थांब, पूर्ण एक मिनिट मोज, हे मॅडमच्या ओठांवर आलं होतं. पण कोणत्या तोंडाने म्हणणार होत्या?