ऐकण्याच्या खोलीतला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. घराचा नव्हे, गाडीचा. आणि गंमत अशी, की मला गाडीच नाही. हसा मित्रांनो, खुशाल हसा. गेली सत्तावीस वर्षं मी एका लोखंडी चौकटीत उभा आहे, उघडतो आणि मिटतो. यापलीकडे मी आयुष्यात काहीही केलेलं नाही. तरीही आमच्या कंपनीची एकही गाडी मला विचारल्याशिवाय रस्त्यावर गेलेली नाही.

ते कसं, सांगतो. माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या मोठ्या तावातून मला दाबून काढलं, कडेने रबराची पट्टी लावली, पोटात काच बसवली. एका म्हाताऱ्या फिटरने मला बिजागऱ्यांवर चढवलं आणि सहज लोटून दिलं. धप्प! आजूबाजूचे चार जण हातातलं काम टाकून वळून बघायला लागले. ना खणखणाट, ना थरथर. धान्याचं भरलेलं पोतं कुणी अलगद जमिनीवर टेकवावं, तसा आवाज. साहेब म्हणाले, यापुढे आपल्या प्रत्येक गाडीचा दरवाजा असाच वाजला पाहिजे. झालं! माझी भावंडं गाड्यांना लागली आणि गावोगाव हिंडली. मी मात्र नमुना म्हणून मुख्य ऑफिसात आलो, तिसऱ्या मजल्यावरच्या ऐकण्याच्या खोलीत.

या खोलीच्या भिंतींना आणि छताला जाड, मऊ गाद्या लावल्या आहेत. बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. नवीन माणसाला इथे स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येतात आणि तो घाबरून बाहेर पळतो. मला मात्र ती शांतता मानवली. मी उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचो आणि रस्त्याची स्वप्नं बघायचो. माझी काच अर्धी खाली आहे, तिच्यावर कुणीतरी कोपर टेकलंय, वारा आत शिरतोय आणि झाडं मागे मागे पळतायत. जाग आली की पुन्हा तीच चौकट. पण खरं सांगतो, मला त्याचं फारसं वाईट वाटायचं नाही. माझ्याजवळ पैलवान आणि ताई होते.

पैलवान काडीसारखा बारीक, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणायचे. नवीन गाडीचा दरवाजा आला की तो माझ्या शेजारी उभा करायचे. पैलवान आधी मला आणि मग त्याला अगदी सारख्या जोराने मिटायचा. ताई आमच्याकडे पाठ करून, डोळे मिटून खुर्चीत बसायच्या. आवाज माझ्यासारखा असला तर एक बोट वर, नसला तर दोन. खोलीत काम चालू असताना बोलायचं नाही, हा नियम होता. एकोणीस वर्षांत त्यांना या नियमाची इतकी सवय झाली, की बाहेर डबा खातानाही दोघं हूं की चूं करत नसत. लोकांना वाटायचं, भांडलेत की काय. भांडतात कसले! पैलवानाचं मनगट दुखत असलं तर ताईंना ते माझ्या आवाजावरून कळायचं, आणि त्या दिवशी त्या मुद्दाम लवकर काम आवरायच्या.

मग एके दिवशी मोठ्या साहेबांच्या केबिनमधली माशांची पेटी उचलून बाहेर नेली.

मासे आजारी होते, एवढंच. पण लिफ्टवाल्याने पेटी जाताना पाहिली आणि दुपारपर्यंत सगळ्या इमारतीत बातमी पसरली, की मुख्य ऑफिस दुसरीकडे हलणार. आधी मासे, मग माणसं! संध्याकाळपर्यंत शहरही ठरलं. दुसऱ्या दिवशी दोन शहरं झाली. कुणी म्हणे समुद्राकाठी, कुणी म्हणे थेट परदेशात. गालिचा धुवायला न्यायचा म्हणून एक माणूस मापं घ्यायला आला, तर त्याला बघून दोन कारकून रडवेले झाले. साहेब लोक सांगत राहिले, अजून काही ठरलेलं नाही. लोकांनी त्यातला ‘अजून’ तेवढा ऐकला.

आता गुपचूप बोलायला इमारतीत सगळ्यांत चांगली जागा कोणती? माझी खोली! दुपारच्या सुट्टीत एकेक जण आत यायचा, दार लावून घ्यायचा आणि फोनवर मन मोकळं करायचा. मुलांच्या शाळा, नुकतं लावलेलं घर, आजारी सासरे, सगळं मी ऐकलं. माझी स्वप्नंसुद्धा बदलली. स्वप्नातल्या रस्त्यावर आता सामानाने भरलेले ट्रक दिसायचे आणि ते कुठे चाललेत हे कुणालाच माहीत नसायचं.

अशातच सगळ्यांना एक कागद आला. ऑफिस हललंच, तर तुम्ही येणार की निवृत्ती घेणार? खूण करा, सही करा. वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘फक्त माहितीसाठी’. ताई आणि पैलवान यांची कंपनीच्या लेखी जोडी होती. ताई गेल्या तर पैलवानाला जावं लागणार, पैलवान राहिला तर ताईंचं काम संपणार. ताई राहिल्या तर पैलवानाला मात्र इथेच दुसरं काम मिळणार. हे दोघांनाही ठाऊक होतं.

पैलवानाची आई आंधळी. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर, आणि तिथे ती भिंतीला हात लावत एकटी फिरायची. स्वतःचं पाणी स्वतः घ्यायची, खिडकीत बसायची. ताईंना मूलबाळ नव्हतं आणि यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना होती ती ही खोली.

एका दुपारी ताई एकट्याच आत आल्या आणि त्यांनी बहिणीला फोन लावला. म्हणाल्या, “मी येते म्हटलं तर त्यालाही यावं लागेल. त्याची आई त्या घराबाहेर कशी जगेल गं? मी निवृत्तीवर खूण करते. माझं काय, बसेन घरी.”

त्याच संध्याकाळी पैलवान आला. त्याने आईला फोन केला. “आई, या कामाशिवाय ताईंना कुणी नाही. मी नाही म्हटलं तर त्यांचं कामच संपेल. तू येशील का?” पलीकडून ती बराच वेळ बोलत होती. पैलवानाने बाहीने डोळे पुसले. हो, हो, तुझा पलंग बरोबर नेऊ, असं तिला सांगितलं आणि माझ्या काचेवर कागद धरून ‘येणार’वर खूण केली.

मित्रांनो, माझा जीव नुसता वरखाली होत होता. दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं तेव्हा पैलवानाने मला भलत्याच जोराने लोटलं आणि मी वेडावाकडा वाजलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ताईंनी कामाच्या मध्ये मागे वळून पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील. पैलवानाने काही नाही अशी मान हलवली आणि त्या पुन्हा भिंतीकडे वळल्या.

दोन महिन्यांनी मासे बरे होऊन परत आले. त्याच आठवड्यात फळ्यावर सूचना लागली. मुख्य ऑफिस कुठेही हलणार नाही. लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला, एकमेकांची थट्टा केली. सूचनेत खाली आणखी एक ओळ होती. ज्यांनी निवृत्ती मागितली आहे, त्यांची विनंती मान्य करण्यात येत आहे. ताई विचारायला गेल्या, तर त्यांना त्यांचीच सही दाखवण्यात आली.

शेवटच्या दिवशी दोघं माझ्यासमोर उभे राहिले, आणि तेव्हा त्यांनी एकमेकांशी न बोलण्याचा नियम मोडला.

“तुम्ही निवृत्ती का लिहिलीत, ताई?”

“तुझ्या आईसाठी, रे. तू काय लिहिलंस?”

“येणार म्हणून लिहिलं. आई तयार झाली होती, तुमच्यासाठी.”

ताईंनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. “अरे, मग एकदा मला विचारायचंस तरी.”

“तुम्हीही नाही विचारलंत,” पैलवान म्हणाला. त्या मऊ भिंतींनी तेही गिळून टाकलं. जाताना ताईंनी माझ्या काचेवर क्षणभर हात ठेवला. तो हात गरम होता. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता, फक्त ऐकलं होतं.

आता ताईंच्या जागी एक यंत्र आहे आणि पैलवानाची जोडी त्याच्याशी लावली आहे. आवाज झाला की ते आकडा दाखवतं. पैलवानाचं मनगट दुखत असलं तरी ते आकडाच दाखवतं. सुट्टीच्या दिवशी पैलवान आईला घेऊन ताईंकडे जातो, असं त्याने या खोलीच्या दारात उभं राहून लिफ्टवाल्याला सांगितलं. महिनाभरातच म्हणे आई तिथेही भिंत धरून आपली आपण फिरायला लागली. नवं घर तिला जमलं असतं. हे सांगून पैलवान आत आला आणि मला न मिटताच ताईंच्या खुर्चीत जाऊन बसला.

जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, आम्हाला तेल द्या, आम्हाला भंगारात टाकू नका. माझं रबर कडक झालंय, मलाही एक दिवस काढतील, काढोत बापडे. माझं मागणं दुसरंच आहे. तुमच्या घरात कुणीतरी तुमच्या भल्यासाठी गुपचूप काहीतरी ठरवत असेल. कदाचित तुम्हीही त्यांच्यासाठी ठरवत असाल. कागदावर सही करण्याआधी त्यांच्यासमोर बसा आणि विचारा. मी त्या दोघांच्या मध्ये उभा होतो आणि मला दोघांचंही ठाऊक होतं. मला बोलता आलं असतं, तर ताई आज इथे असत्या. तुम्हाला बोलता येतं.